भक्ष्याभक्ष्य-विवेक आणि अन्नातील मिश्रके



रविवारी सकाळी पाठशाळा सुटते. मुले रांगेने बाहेर येतात आणि दारात उभे असलेले कोणी सद्गृहस्थ प्रत्येकाच्या हातावर प्रभावना म्हणून एक लहानसे पाकीट ठेवतात. पाकिटात रंगीत गोळ्या असतात आणि वर हिरवा ठिपका असतो. तो पाहून देणाऱ्याचे समाधान होते. मुलांच्या आईचेही होते. पाकिटाच्या मागील बाजूस मात्र अतिशय बारीक अक्षरांत काही शब्द आणि त्यांपुढे कंसात काही अंक छापलेले असतात : आम्लता नियंत्रक ३३०, पायसीकारक ३२२, रंग १०२ व १२२, चकाकी आणणारा पदार्थ ९०४. हे अंक सहसा कोणी वाचत नाही. वाचले तरी त्यांचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे अंक आहेत.

या न्यासाचा पाया घातला गेला त्या काळात गृहिणीला असल्या अंकांशी फारसे कर्तव्य नव्हते. धान्य घरी निवडले जाई, पीठ समोरच्या गिरणीतून दळून येई, आणि किराणा कागदाच्या पुडीत बांधून मिळे. कोणता पदार्थ किती दिवस ठेवावा याचेही शास्त्र घरात होते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानली जाते. ओलावा आणि उष्मा वाढला की पदार्थात जीवोत्पत्ती लवकर होते, हे निरीक्षण या मर्यादेच्या मुळाशी आहे. अन्न जितके दिवस निर्दोष राहील तितकेच दिवस ते ठेवायचे, असा तो साधा हिशेब होता. आधुनिक कारखान्याने हा हिशेब उलटा केला. पदार्थ सहा महिने दुकानाच्या फळीवर राहिला पाहिजे हे आधी ठरले आणि तो राहावा म्हणून त्यात काय घालावे याचा शोध नंतर सुरू झाला. या बदलातून मिश्रकांचे महत्त्व वाढले.

मिश्रक म्हणजे जो पदार्थ स्वतः अन्न म्हणून खाल्ला जात नाही, परंतु अन्नाचा रंग, स्वाद, पोत किंवा टिकाऊपणा साधण्यासाठी त्यात हेतुपूर्वक मिसळला जातो, असा पदार्थ. परिरक्षके बुरशी व जंतू यांना रोखतात. प्रतिऑक्सिडीकारके तेल खवट होऊ देत नाहीत. पायसीकारके तेल आणि पाणी एकजीव ठेवतात. रंग, गोडी आणणारी द्रव्ये, स्वादवर्धके आणि चकाकी देणारे लेप यांची कामे त्यांच्या नावांवरून समजतात. या सर्वांना ओळखीचे अंक दिलेले असतात. युरोपात १९६२ साली प्रथम रंगांना असे अंक मिळाले. पुढे आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धती तयार झाली आणि भारतातील पाकिटांवर तेच क्रमांक छापले जातात. साधारणपणे १०० ते १९९ हे रंग, २०० ते २९९ ही परिरक्षके, ३०० पासून पुढे प्रतिऑक्सिडीकारके व आम्लता नियंत्रके आणि ४०० पासून पुढे घट्टपणा व एकजीवपणा आणणारी द्रव्ये, असे ढोबळ गट लक्षात ठेवले तरी अर्धे पाकीट वाचता येते.

या द्रव्यांची सुरक्षितता कोण व कशी ठरवते, हा पुढचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९५६ साली एक संयुक्त तज्ज्ञ समिती स्थापन केली. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला कोणताही अपाय दिसत नाही ती मात्रा प्रथम शोधायची आणि सामान्यतः तिचा शंभरावा भाग माणसासाठी दैनिक ग्राह्य मात्रा मानायची, अशी तिची रीत आहे. माणूस आणि प्रयोगातील प्राणी यांच्यात फरक असतो. माणसामाणसांतही बालक, वृद्ध, रुग्ण असे भेद असतात. त्या दोन्हींसाठी ही शंभरपटींची सवलत ठेवलेली आहे. (ही सारी सुरक्षितता मुक्या प्राण्यांच्या वेदनेतून मोजली गेली आहे, ही गोष्ट अहिंसा मानणाऱ्याने मनात ठेवण्यासारखी आहे.)

एक उदाहरण पाहू. टार्ट्राझिन, म्हणजे १०२ क्रमांकाचा पिवळा रंग. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ सालच्या फेरतपासणीत त्याची दैनिक ग्राह्य मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ७.५ मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. वीस किलो वजनाच्या मुलासाठी ती १५० मिलिग्रॅम होते. भारतात बहुतेक परवानगीप्राप्त पदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे नियमानुसार रंगवलेली मिठाई त्या मुलाने दररोज दीड किलो खाल्ली तर तो या रेषेपर्यंत पोहोचेल. या गणितावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नियम पाळले गेले तर एखाद्या गोळीने घाबरून जाण्याचे कारण नाही. आणि सारे आश्वासन ‘नियम पाळले गेले तर’ या चार शब्दांवर उभे आहे.

तथापि शास्त्राचा शब्द हा अखेरचा शब्द नसतो, हेही मान्य केले पाहिजे. पोटॅशियम ब्रोमेट हे पावाचे पीठ सुधारणारे द्रव्य पुष्कळ वर्षे निर्धोक मानले जात होते. भट्टीत ते पूर्णपणे बदलून जाते असा समज होता. १९८० नंतरच्या दशकात जपानमधील संशोधनात त्यामुळे उंदरांच्या मूत्रपिंडात अर्बुदे होतात असे दिसले. ब्रिटनने १९९० साली त्याचा वापर थांबवला. १९९९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या वर्गात ठेवले. भारतात मात्र ते चालूच राहिले. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने पाव, बन, पिझ्झा यांचे ३८ नमुने तपासले, तेव्हा ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट यांचे अंश सापडले. त्यानंतर महिन्याभरात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढून टाकले. ब्रिटनमधील बंदीपासून या निर्णयापर्यंत सव्वीस वर्षे गेली आणि तेवढी वर्षे तो पाव येथील मुलांनी खाल्ला.

याच्या उलट उदाहरणही आहे. शीतपेयात स्वादाचे तेल तरंगत ठेवण्यासाठी वापरले जाणारे ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल भारताने १९९० सालीच बंद केले. अमेरिकेने ते २०२४ साली बंद केले. एरिथ्रोसिन, म्हणजे १२७ क्रमांकाचा लाल रंग, याची अनुमती अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. नर उंदरांत त्यामुळे थायरॉइडची अर्बुदे झालेली आढळली होती. भारतात ज्या आठ कृत्रिम रंगांना अन्नात परवानगी आहे त्यांत तो समाविष्ट आहे. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग युरोपीय संघाने २०२२ साली अन्नातून वगळला. पेशींतील जनुकद्रव्याला त्यापासून अपाय होणारच नाही असे म्हणता येत नाही, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे मानले गेले. इतर काही देशांच्या तज्ज्ञांनी हे मत स्वीकारलेले नाही. एकाच द्रव्याबद्दल विद्वानांत असा मतभेद असू शकतो. अशा वेळी सामान्य माणसाने गोंधळून न जाता एक सोपा प्रश्न विचारावा : या द्रव्याचा उपयोग काय? जे द्रव्य पदार्थ सडू देत नाही त्याच्या बाजूने काही बोलता येते. जे केवळ पदार्थ अधिक पांढरा किंवा अधिक लाल दिसावा म्हणून आहे, त्याच्यासाठी लहानसा धोका तरी कशासाठी पत्करायचा?

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मिळून २९७ मुले निवडून त्यांना काही आठवडे रंग व सोडियम बेंझोएट मिसळलेले पेय आणि काही आठवडे तसेच दिसणारे पण ही द्रव्ये नसलेले पेय दिले. कोणते पेय कोणते, हे मुलांना, पालकांना व शिक्षकांना ठाऊक नव्हते. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले : मिश्रणाचा परिणाम म्हणून मुलांतील चंचलता सरासरीने थोडी वाढते. हा परिणाम लहान होता आणि सर्व मुलांत सारखा नव्हता. कोणत्या एका रंगामुळे तो झाला हेही सांगता आले नाही. तरीही युरोपीय संघाने जुलै २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या वागणुकीवर व अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणे बंधनकारक केले. अनेक उत्पादकांनी ती सूचना छापण्याऐवजी रंगच बदलले. त्या सहांपैकी चार रंग, म्हणजे १०२, ११०, १२२ आणि १२४, भारतात परवानगीप्राप्त आहेत. येथील पाकिटावर कृत्रिम रंग असल्याचे सांगावे लागते. मुलांविषयीची सूचना मात्र नसते. प्रभावनेच्या पाकिटावरील दोन अंक या चारांतील आहेत, हे येथे लक्षात आणून देणे अप्रस्तुत ठरणार नाही.

सावधपणाचे हे एक टोक झाले. दुसऱ्या टोकाला निराधार भीती आहे आणि तीही कमी हानिकारक नाही. १९७६ साली फ्रान्समध्ये एक टंकलिखित पत्रक हातोहात फिरू लागले. व्हिलजुइफ येथील प्रसिद्ध कर्करोग रुग्णालयाच्या नावाने फिरणाऱ्या त्या पत्रकात अनेक मिश्रके कर्करोगकारक म्हणून सांगितली होती आणि त्यांत सर्वांत घातक म्हणून ३३० हा क्रमांक दिला होता. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. लिंबाच्या रसाला आंबटपणा देणारे तेच आम्ल. रुग्णालयाने त्या पत्रकाशी आपला काहीही संबंध नसल्याचे जाहीर केले, तरीही ते वर्षानुवर्षे शाळांतून, दवाखान्यांतून, घराघरांतून फिरत राहिले. आज भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ‘विषारी अंकांच्या’ याद्यांचे कूळ हेच आहे. अशा यादीने दोन प्रकारे नुकसान होते. निर्दोष वस्तू टाकून दिली जाते, आणि काही दिवसांनी यादी खोटी ठरली की खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो. ज्याला सम्यक् ज्ञानाचे मोल कळते त्याने न तपासलेली यादी पुढे पाठवू नये. ऐकीव गोष्ट सत्य म्हणून पसरवणे हा सत्यव्रतालाही बाध आहे.

वस्तुस्थिती पाहता आपल्या देशात परवानगीप्राप्त मिश्रकांपेक्षा परवानगी नसलेली द्रव्ये हा अधिक मोठा धोका आहे, आणि ती अंक असलेल्या पाकिटात क्वचित, उघड्या विक्रीच्या पदार्थांत अधिक सापडतात. ऱ्होडॅमिन-बी हा कापड रंगवण्याचा भडक गुलाबी रंग कापूसमिठाईत सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडू व पुदुच्चेरी येथे तिच्या विक्रीवर बंदी आली. पाठोपाठ मार्चमध्ये कर्नाटकाने कापूसमिठाई व गोबी मंच्युरियन यांतील कृत्रिम रंगांना मनाई केली. मेटॅनिल यलो हा असाच रंग डाळींत, बेसनात, बुंदीत मिसळला गेल्याची प्रकरणे जुनी आहेत. हळदीला झळाळी यावी म्हणून वापरले जाणारे लेड क्रोमेट म्हणजे तर शिसेच. ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. संशोधकांनी ही गोष्ट शासन, व्यापारी व जनता यांच्यापुढे नेली, भेसळ करणाऱ्यांवर कारवाई झाली, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी या उदाहरणातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मनावर घेतले तर दोन वर्षांत असा बदल घडतो.

या भेसळीत ग्राहकाच्या डोळ्यांचाही वाटा आहे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात पूर्वी काहिलीत उकळणाऱ्या रसातील मळी वर आणण्यासाठी रानभेंडीचा चिकट रस वापरीत. आजही काही जण वापरतात. तो गूळ तांबूस होतो. पेठेत मात्र पिवळ्याधमक गुळाला भाव अधिक मिळतो, म्हणून रसात ‘हायड्रॉस’ टाकण्याची पद्धत रूढ झाली. हे द्रव्य गंधकाचे आहे आणि त्यामुळे गुळात गंधक डायऑक्साइड उरतो. नियमाने त्याची मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे. अंदाजाने ओंजळ टाकणाऱ्याला ती पाळता येत नाही. तासगावकडील बेदाण्यालाही सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. दमा असलेल्या काही रुग्णांना गंधकाच्या या अंशाने धाप लागते. म्हणूनच पाकिटबंद पदार्थात तो किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास तसे लिहिणे बंधनकारक आहे. शेतकरी व गुऱ्हाळवाला यांना दोष देण्यापूर्वी ग्राहकाने स्वतःला विचारावे, की तांबूस गूळ आणि काळसर बेदाणा तो स्वतः होऊन विकत घेतो काय? मागणी बदलली तर काहिलीतले द्रव्यही बदलेल.

आता हिरव्या ठिपक्याविषयी. मांसाहारी पदार्थांवर तपकिरी चिन्ह लावण्याचा नियम २००१ साली अमलात आला व त्यानंतर शाकाहारी पदार्थांसाठी हिरवा ठिपका आला. तपकिरी चिन्ह आता त्रिकोणी आहे. शाकाहारी समाजाला या चिन्हांचा मोठा आधार वाटला आणि तो योग्यही होता. परंतु कायद्याची व्याख्या आणि श्रावकाची व्याख्या एक नाही, याची जाणीव फार थोड्यांना आहे. २०२० च्या लेबलविषयक नियमावलीत मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून दूध व दुग्धजन्य पदार्थांबरोबर मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक, म्हणजे लाख, यांनाही वगळले आहे. अर्थात हे पदार्थ असले तरी हिरवा ठिपका लागू शकतो. ज्या समाजात मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग मूलगुणांत गणला जातो, त्या समाजाच्या दृष्टीने मधाचा पदार्थ हिरव्या ठिपक्यासह मिळतो, ही गोष्ट लहान नाही. गोळ्यांवरची चकाकी ज्या ९०४ क्रमांकाने येते ती लाख किड्यांपासून मिळते. फांद्यांवरील थर खरवडून, दळून ती काढतात आणि त्यात असंख्य जीव जातात. ९०१ हे मधमाश्यांचे मेण. कंदमुळांचा तर या चिन्हाशी मुळीच संबंध नाही.

काही क्रमांक मुळातच द्विअर्थी आहेत. १२० हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळतो. त्याबद्दल संदिग्धता नाही. पण ४७१ हे पायसीकारक वनस्पतिजन्य तेलापासून करता येते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. ६३१ हे स्वादवर्धक मांस किंवा माशांपासून काढले जाते, तसेच ते किण्वनानेही करता येते. अंक एकच, उगम दोन. याच प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महत्त्वाचा आदेश दिला. अन्नपदार्थातील प्रत्येक घटक केवळ क्रमांकाने न सांगता तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत तयार झाला आहे, हे उत्पादकाने उघड केले पाहिजे. त्याचे प्रमाण कितीही अल्प असो, असे न्यायालयाने म्हटले. काय खावे हे ठरवण्याचा हक्क माणसाच्या श्रद्धेशी व जीवनपद्धतीशी जोडलेला आहे, हे त्यामागील सूत्र होते. आदेश झाला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. प्रत्येक पाकिटावर उगम स्पष्ट छापला जावा यासाठी ग्राहकाने पत्र लिहून, तक्रार करून विचारत राहावे लागेल. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता व संपर्क छापलेला असतो तो यासाठीच.

शाकाहारी उगम ठरला म्हणजे प्रश्न संपतो असेही नाही. सायट्रिक आम्ल आज लिंबापासून न काढता एका बुरशीच्या साहाय्याने साखरेच्या द्रावणातून तयार करतात. ते आरोग्याला निर्धोक आहे आणि प्राणिज नाही. तरीही काटेकोर आचार पाळणाऱ्याने ते माहीत करून घ्यावे आणि आपल्या व्रताप्रमाणे निर्णय करावा. आरोग्याचा प्रश्न आणि आचाराचा प्रश्न यांची गल्लत करू नये. एखादे द्रव्य निर्धोक असूनही त्याज्य असू शकते आणि एखादे पूर्णतः वनस्पतिजन्य असूनही अपायकारक असू शकते. साखर, मीठ आणि वनस्पती तूप यांना कोणी मिश्रक म्हणत नाही, परंतु मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना हातभार लावण्यात त्यांचा वाटा पाकिटातील बहुतेक अंकांपेक्षा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे; शेव, फरसाण व पाकिटबंद वेफर्स यांच्या सेवनात ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

येथे आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात वर्णिलेल्या भोगोपभोग-परिमाण व्रताची आठवण होणे स्वाभाविक आहे. जे भोगायचे त्याला आधी माप घालावे, हा त्या व्रताचा गाभा. आधुनिक विषशास्त्राची दैनिक ग्राह्य मात्रा हीही मापाचीच भाषा बोलते. दोहोंचा हेतू वेगळा आहे; एकाला आत्म्याची निर्मळता हवी, दुसऱ्याला शरीराचे रक्षण. परंतु न मोजता, न पाहता खाणाऱ्याला दोन्हीही सावध करतात.

हा विवेक केवळ खाणाऱ्याचा नाही. या सभागृहात व्यापार करणारी पुष्कळ मंडळी बसली आहेत. किराणा, मिठाई, बेकरी, मसाले, गूळ यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरांत आहेत. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. चांगल्या वस्तूत तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू मिसळून विकणे, असा त्याचा अर्थ. भेसळीला चोरीच्या दोषात घालणारी ही दृष्टी १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या आणि त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. कापडाचा रंग घातलेली बुंदी विकणाऱ्याला अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक पकडो वा न पकडो, व्रत तर भंगलेच. याउलट ज्या दुकानावर ‘येथे रंग घातलेला माल मिळणार नाही’ अशी पाटी असेल, त्या दुकानाचा मालक व्याख्यानाविनाच धर्मप्रभावना करीत असतो.

मग करावे काय? घरात पाकीट आले की मागची बाजू वाचण्याची सवय लावावी. घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात. पहिली तीन नावे वाचली तरी पदार्थ कशाचा आहे ते कळते. हे वाचन मुलांना सोपवावे. त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि शोधण्याची आवडही असते. १०२, ११०, १२२, १२४ हे चार अंक आणि ९०१, ९०४ हे दोन अंक एवढे पाठ झाले तरी पुष्कळ झाले. हळद पेलाभर पाण्यात टाकून पाहावी. शुद्ध हळद फिकट पिवळा रंग सोडून तळाशी बसते, रंगवलेली असल्यास पाणी गडद पिवळे राहते. लहान मुलांना रंगीत पेये व गोळ्या रोजच्या आहारात देऊ नयेत. घरात केलेली मिठाईदेखील आपोआप निर्दोष होत नाही. स्वयंपाकघरातील रंगाची बाटली चमच्याने मोजून नव्हे, डोळ्याने अंदाज घेऊन ओतली जाते. संशयित पदार्थाचा नमुना व बिल जपून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. तो प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.

न्यासाकडूनही काही अपेक्षा आहे. भोजनशाळेत येणारा गूळ, हळद, बेसन, डाळी कोठून येतात याची नोंद ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी त्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. त्याचा निष्कर्ष सूचनाफलकावर लावावा. आचाऱ्याला मिठाईचा ठेका देताना ‘रंग घालू नये’ ही अट लेखी असावी. पांढरी बर्फी आणि तांबूस जिलेबी पंगतीत वाढली म्हणून उत्सवाची शोभा कमी होत नाही. मिठाईवर चांदीचा वर्ख लावायचाच असेल तर तो चामड्याच्या किंवा आतड्याच्या पुडक्यात कुटलेला नाही, याची खात्री करून घ्यावी. यंत्राने तयार केलेला वर्ख आता मिळतो. वर्खाच्या निर्मितीत प्राणिज वस्तू वापरू नयेत असा नियम २०१६ साली प्रसिद्ध झाला, यामागे शाकाहारी समाजाने वर्षानुवर्षे धरलेला आग्रह होता.

आणि प्रभावनेचे ते पाकीट? त्याच्या जागी राजगिऱ्याचा लाडू, साळीच्या लाह्या, दोन खारका, तांबूस गुळाची चिक्की देता येईल. खर्च फारसा वाढणार नाही. थोडी आधी तयारी करावी लागेल आणि कोणाला तरी पहाटे उठून लाडू वळावे लागतील. मुले पहिल्या रविवारी कदाचित नाके मुरडतील. त्यांना पाठशाळेत शेवटची दहा मिनिटे ते अंक वाचायला शिकवले, तर पुढच्या रविवारी तीच मुले दुकानातल्या पाकिटाची मागची बाजू उलटून आईला विचारतील. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा एक बदल पाठशाळेच्या दारात घडला, तर पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा प्रारंभ चांगला झाला असे म्हणता येईल.